नथीला जागा ठेवा

म्हशीनं मान झटकली, माझी चमकी तिच्या दाव्यात अडकली आणि नाकपुडी फाटली. गावात टाके घातले, जखम भरली, पण डावी नाकपुडी आत ओढली गेली. त्या बाजूनं श्वास नीट येईना. त्याहून मोठं दुःख म्हणजे आईची नथ पेटीतच पडून राहिली. आई गेल्यावर तिची तेवढीच वस्तू मला मिळाली होती आणि लेकीच्या लग्नात मला ती घालायचीच होती. बिनभोकाची, दाबाची करून घे, म्हणाल्या सगळ्या. पण ह्या नाकावर ती तरी कुठं टिकायला?

शेवटी गडमुडशिंगीहून कोल्हापुरात मोठ्या डॉक्टरांकडे गेले. सोबत सासूबाई. त्यांना मागं ठेवायची माझी काय बिशाद! डॉक्टरांनी स्कॅन काढला, चहूबाजूंनी फोटो घेतले आणि पुढच्या खेपेला टेबलावर दोन नाकं ठेवली. थ्रीडी प्रिंटरवर छापलेली, पांढरी, प्लास्टिकची. एक माझं आत्ताचं, दुसरं ऑपरेशननंतरचं.

"उजवी बाजू चांगली आहे. कॉम्प्युटरवर तीच उलटवून डावीकडं बसवलीय. कानातली कूर्चा घेऊन अशीच नाकपुडी करू," डॉक्टर म्हणाले.

मला तर ते नाक बघूनच बरं वाटलं. तोवर सासूबाईंनी पिशवीतून नथ काढली. मला न सांगता आणलेली! नव्या नाकाला लावून बघितली, नाक उलटंपालटं केलं.

"डॉक्टर, ह्याला भोक कुठं हाय?"

डॉक्टर गडबडले. उजवीकडं भोक नव्हतंच, मग तिच्या नकलेला कुठून येणार?

"ते नंतर टोचता येईल, आजी."

"टोचंल की सोनार. पन तुमी टाका नेमका तितंच घातला तर? आन् जरा जाड ठेवा. नाकापेक्षा मोती जड नगं."

मी शरमेनं लाल. डॉक्टर मात्र हसले आणि त्यांनी पेन पुढं केलं. सासूबाईंनी प्लास्टिकच्या नाकावर ठिपका दिला, डॉक्टरांनी तो टाका येणार होता तिथून जरा वर सरकवला. बाजारात भाव ठरावा तशी दोघांची घासाघीस चालली.

ऑपरेशन झालं, जखम भरली, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर सोनारानं त्या ठिपक्याच्या जागी टोचलं. लग्नाच्या सकाळी सासूबाईंनीच मला नथ घातली. डोक्यातल्या गजऱ्याचा वास दोन्ही नाकपुड्यांनी घेतला आणि मला रडूच फुटलं.

"दुखतंय व्हय?"

"न्हाय. आईची आठवण आली."

"मग डोळं पूस. तुला आमच्या घरी धाडताना तिनं हीच घातलीती. हसत हुती बाई."

मग मी हसतच लेकीजवळ जाऊन उभी राहिले.