महिपतीचा पटका

मावळातल्या इंदुरीचा महिपती पहिल्या महायुद्धात, बसऱ्याच्या लढाईत उजव्या हाताला गोळी खाऊन १९१६ साली घरी आला. हाड जुळलं, पण बोटं मिटेनात. आवणीला भाताची रोपं धरता येईनात, की नांगर हाकता येईना. फौजेची पेन्शन हाच आधार. पण ती कायमची व्हायची, तर पुण्यातल्या डॉक्टरांच्या बोर्डाने हात निकामी ठरवायला हवा.

पहिल्या खेपेला या शूर गड्याने आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. बोर्डापुढे जायचं म्हणून दाढी केली, छाती काढली. बायकोने, झुंबरबाईने, नेहमीसारखा पटका बांधून दिला. हे 'नेहमीसारखा' घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. आपला पटका बायको बांधते हे मावळच्या गड्याने सांगायचं कुणाला?

"हात चालतो?" डॉक्टरने विचारलं.

"व्हय सायेब!" महिपती कडाडला.

डॉक्टरने तो झोकदार पटका पाहिला आणि लिहिलं: पटका स्वतः बांधतो, दोष किरकोळ. पेन्शन मिळाली ती वर्षापुरती.

वर्ष सरलं, फेरतपासणीचं बोलावणं आलं. सकाळी महिपती डोकं पुढे करून बसला. झुंबरबाईने पटक्याची घडी त्याच्या काखेत दिली.

"आज मी बांधायची न्हाई."

"अगं, बोडक्यानं जाऊ? लोक काय म्हनतील?"

"लोक येत्यात का आवनीला? दोन पावसाळं एकलीनं चिखल तुडवलाय मी. हाय ते खरं सांगा जावा."

महिपती फणकाऱ्याने निघाला. तळेगाव स्टेशन येईपर्यंत तिघांनी विचारलं, "भाऊ, कोन गेलं?" बोडकं डोकं म्हणजे घरात मयत, दुसरं काय! शरमेने त्याचे कान तापले.

या खेपेला डॉक्टर दुसरा होता, गोरा. शेजारी दुभाषा म्हणून केशवराव कारकून.

"हात चालतो का, विचारताहेत."

'व्हय' अगदी ओठांवर आलं होतं. पण गुडघाभर चिखलात वाकलेली झुंबरबाई डोळ्यांपुढे आली आणि महिपतीने ते गिळलं. बसऱ्याच्या गोळ्यांपुढेही त्याला एवढं धैर्य लागलं नव्हतं.

"न्हाई सायेब. पटकासुदीक बायकू बांधती."

डॉक्टरने जुना कागद उलटून पाहिला आणि केशवरावांकरवी फर्मावलं, "बांधून दाखव."

तीनदा त्याने डोक्याला वेढा घातला आणि तिन्ही वेळा पटका जमिनीवर आला. मग डॉक्टरने एकेक बोट दाबून, वाकवून पाहिलं आणि बराच वेळ लिहिलं. केशवरावांनी वाचून दाखवलं, "हात कायमचा निकामी. पेन्शन हयातभर."

संध्याकाळी तो गावात शिरला तो बोडकाच, पण ताठ मानेने. घरी न जाता थेट चावडीच्या ओट्यावर बसला आणि बायकोला बोलावणं धाडलं. झुंबरबाई धावत आली.

"मिळाली गं, हयातभर! आता बांध. हितंच बांध."

माणसं जमली. झुंबरबाई क्षणभर लाजली, मग पदर खोचून तिने भरचावडीत वेढे घातले आणि तुरा काढला.

"बायकूच्या हातनं रं?" म्हातारे हौशीरामआबा तोंड वासून बघत राहिले.

"व्हय आबा, लढाईवरनं आल्यापून तीच बांधतीया," महिपती गरजला. "असा पटका गावात दुसऱ्या कुनाचा हाय, दावा!"