चुन्याखालचा स्कॅपोलाइट

दगड गोळा करणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल, तर ती नाव न लागणाऱ्या दगडाची. माझ्याकडं असा एकच होता, आणि त्या एकट्यानं मला पार वेड लावायची वेळ आणली.

मी सांगलीतल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये नोकरी करते, राहते माधवनगरला. छंद दगडांचा. आमच्या सातारा-सांगलीकडं नव्या विहिरीचा ढिगारा दिसला की मी गाडी थांबवते. काळ्या खडकाच्या पोकळीत पांढरे, हिरवट स्फटिक मिळतात. स्टिल्बाइट आणि अपोफिलाइटची खोकीच्या खोकी कपाटात आहेत. नवरा म्हणतो, "तुझ्या घरात साखरेचा डबा सापडत नाही, दगड मात्र हात घालीन तिथं लागतो." लागू दे. साखर तशीही त्याला बंदच केलीय.

पण हा एक वेगळा होता. अंगठ्याएवढा जाड, चौकोनी, फिकट जांभळा, अंगावर उभ्या बारीक रेघा. मी शाळेत असताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दिलेला. माझा पहिला दगड. आबा मिलिटरीत होते, गाव माण तालुक्यातलं. दगड कुठला म्हणून विचारलं की एकच उत्तर, "आपल्या रानातला हाय." मीही तेच धरून चालले.

आता आबा माझ्याकडंच असतात आणि त्यांची आठवण विरत चाललीय. सकाळी आलेला पाहुणा दुपारी त्यांच्या लेखी आलेलाच नसतो. त्या दगडाबद्दल विचारायचं तर माणूस हा एकच, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत सगळं विसरत चाललेला. म्हणून मी दगड कपाटातून काढून टेबलावर घेतला. ओळख पटवायची तर आत्ताच.

चौकोनी आहे म्हणजे अपोफिलाइट असणार, असं आधी वाटलं. पण अपोफिलाइटवर चाकूचा ओरखडा उठतो. याच्यावर चाकू नुसता घसरला. मग रेघांच्या बाजूवर ॲसिडचा थेंब सोडला, तर फसफसला! फसफसणारा म्हणजे कॅल्साइट. पण कॅल्साइट तर चाकूपुढं लगेच मान टाकतो. मग हा गडी कोण? नोटा तपासायच्या जांभळ्या बॅटरीखाली धरला, तर पिवळाधमक उजळला. पुस्तकं उलथीपालथी केली. चौकोनी, टणक, रेघांचा, पिवळ्या उजेडाचा. सगळी लक्षणं एकाच नावाला लागू होत होती, स्कॅपोलाइट.

फक्त दोन गोष्टी अडत होत्या. स्कॅपोलाइट ॲसिडला असा लगेच फसफसत नाही. आणि तो आमच्याकडं सापडतच नाही. चुनखडीचा दगड जमिनीत खोल कुठंतरी भाजून, दाबून निघावा लागतो तेव्हा तो तयार होतो. आमचा खडक पडला लाव्हाचा. तरीही मी फोनवरच्या दगडवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. एका जाणत्या गृहस्थांनी लगेच लिहिलं, "ताई, माणमध्ये स्कॅपोलाइट? उद्या म्हणाल वाईच्या घाटावर देवमासा दिसला." त्याखाली हसणाऱ्या तोंडांची ही रांग! असा संताप आला म्हणून सांगू. वर चडफडत बसायचं, कारण त्यांचं चूक आहे असं मलाही म्हणता येईना.

त्यात आबांचं वेगळंच सुरू झालं. टेबलावर दगड दिसला की ते उठून यायचे, त्याच्यावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "चारच राहिलेत गं. ह्यो परत ठिव."

"कुठं ठेवू, आबा?"

"चारच राहिलेत."

"चार काय? गोळ्या? भाकरी?"

थोड्या वेळानं पुन्हा तेच. जेवताना तेच, टीव्ही बघताना तेच. रडकुंडीला यायचे ते, आणि त्यांच्यामागून मी. एकदा तर मी ओरडलेच, "आबा, एक तर नीट सांगा, नाहीतर गप बसा!" ते घाबरून माझ्या नवऱ्याकडं बघायला लागले. मग दिवसभर माझं कशात लक्ष लागेना.

शेवटी मी भिंग घेऊन बसले. जिथं चाकू फिरवला होता ती बाजू घासून स्वच्छ होती. तिथं ॲसिड टाकलं, तर काहीच नाही. ढिम्म. रेघांवर टाकलं, फसफस. मी कपाळावर हात मारला. फसफसत होतं ते रेघांत अडकलेलं पांढरं काहीतरी, दगड नव्हेच! सुईनं कोरून काढलं. नुसता पांढरा थर, आणि एका खाचेत लालसर कण. लॅबमध्ये आयुष्य गेलं माझं, आणि नमुना धुतल्याशिवाय ॲसिड टाकायचं नाही हे मी मुलांना घसा कोरडा करून सांगते.

पांढरा तो चुना. लाल म्हणजे कुंकू. चुना आणि कुंकू आमच्याकडं कुठल्या दगडाला लागतं, हे काय पुस्तकात बघायचं? सुगीच्या आधी रानात पाच दगड ओळीनं मांडतात, चुन्यानं रंगवतात, कुंकू लावतात. त्यांना पांडव म्हणतात.

दगड आबांच्या तळव्यावर ठेवला. "आबा, हा पांडव होता का?"

त्यांचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचीच लाज वाटली. "व्हय की! माझ्या आईनं बसवला. मी सुट्टीवर येताना आणलेला. म्हणली, तुझा दगड पांडवांत ऱ्हाऊ दे, तुला राखतील. दर साली चुना लावायची."

"मग मला कसा दिलात?"

"तू लय रडलीस. चकचकीत खडा पायजे म्हणून. चुना खरवडला न् दिला. तवा आई वारली व्हती. म्हणलं, त्या जागी दुसरा आणून ठिवू." त्यांनी दगड मुठीत धरला. "ऱ्हायलंच. चारच राहिलेत."

म्हणजे दगड स्कॅपोलाइटच, आणि आला होता आबांच्या मिलिटरीतल्या नोकरीच्या कुठल्यातरी ठिकाणाहून. मी एकदम पुढं सरकले. "कुठून आणलेला, आबा? काश्मीर? राजस्थान? दक्षिणेला कुठं?"

त्यांनी दगड उजेडाकडं धरून बघितला. "डोंगर व्हता," म्हणाले. "थंडी लय."

झालं! एवढंच. नकाशे दाखवले, गावांची नावं घेतली, जुने फोटो पुढं ठेवले. प्रत्येक नावाला "व्हय, तितंच." काश्मीरलाही व्हय, बंगळूरलाही व्हय. ठिकाण माहीत नसलेला नमुना म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट, ठेवायचं कुठं आणि दाखवायचं कुणाला? मी हात टेकले.

मग म्हटलं, निदान तुमची तळमळ तरी थांबवू. "आबा, रानात दुसरा दगड ठेवू या ना. माणमध्ये काय दगडांचा तोटा?"

"त्यो न्हाई चालत. आईनं बसवलेला पायजे."

शेवटी आबांना गाडीत घालून गावी निघालो. खोटं कशाला बोलू, पिशवीत मी एक अपोफिलाइटही घेतला होता, तेवढाच, चौकोनी. चुना लावल्यावर कोण ओळखणार? वाटभर मी तोच हिशेब करत होते. माझ्या कपाटातला एकुलता एक स्कॅपोलाइट, तो रानात सोडायचा? मेंढरं तुडवतील, पोरं नेऊन विहिरीत टाकतील.

रान चुलतभाऊ कसतो. बांधावर बाभळीखाली चार दगड होते, चुना उडालेले. आबा त्यांच्यापुढं खाली बसले. त्यांनी मागं न बघता माझ्याकडं हात पसरला, अगदी हक्कानं. दोन्ही दगड पिशवीत होते. मी आबांचाच काढून दिला आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या.

त्यांनी तो चारांच्या शेजारी रोवला, बोटांनी माती दाबली. चुना कालवून आणला होता तो फासला. जांभळा रंग दिसेनासा झाला. "पाच," म्हणाले, आणि गाडीत बसल्या बसल्या त्यांना झोप लागली.

मी मात्र रडत गाडी चालवली. दगडासाठी रडत होते, सरळच सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा टेबलापाशी उभे. रिकाम्या खोक्यात बघून म्हणाले, "हितला खडा कुठं गेला? चारच राहिलेत गं."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! "अहो, कालच ठेवून आलो की! तुमच्या हातानं ठेवलात!"

"मी?"

"तुम्हीच. चुना लावलात. पाच झाले."

त्यांनी हाताची बोटं मोजली. मग खांदे सैल पडले त्यांचे. "मग बेस झालं," म्हणाले, आणि चहाला बसले.

आता हे रोजचंच झालंय. रोज खोकं रिकामं, रोज चारच राहिलेत, रोज मी चिडते आणि सांगते. आणि रोज ते ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकतात. "मग बेस झालं," म्हणतात, आणि बशी पुढं करतात. मी चहा ओतते.