जांभळ्या बांगड्या

भोगीच्या दिवशी सुशीताईला भेटायला गेले, तर वसतिगृहात कासार आला होता. बौद्धिक अपंगत्व असलेल्या बायकांचं हे वसतिगृह. माझी ही मावसबहीण पन्नाशी उलटली तरी तिथंच आहे. तिनं कासाराच्या पेटीतल्या जांभळ्या बांगड्यांवर बोट ठेवलं. त्यानं त्या बाहेर काढल्याही.

"अहो, हिरव्याच भरा," देखभाल करणाऱ्या बाई म्हणाल्या. "सगळ्यांना सारख्या. मग भांडणं नाहीत."

सुशीताईनं हात मागे ओढला. "नको," ती म्हणाली.

"असं करतात का? शहाणी ना तू?" बाईंनी तिचा हात मायेनं धरून पुढे केला. कासारानं तो दाबून एकेक हिरवी बांगडी चढवली.

या बाई वाईट नाहीत. इथं जेवण गरम असतं, चादरी स्वच्छ असतात, कुणी कुणावर ओरडत नाही. भाजी कुठली, खिडकी उघडी की बंद, झोपायचं कधी, सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं, आणि तेही भल्यासाठीच. मारलं असतं तर तक्रार तरी करता आली असती. मायेची तक्रार कुणाकडे करायची? जन्मभर असा हात धरला गेला की एखाद्या रंगावर बोट ठेवावंसं वाटणंही हळूहळू विझत असेल.

"ताई, तुम्हाला कुठल्या?" कासारानं मला विचारलं.

मी उगाच दोन-चार रंग मनगटाला लावून पाहिले आणि म्हटलं, "नकोत मला." त्यानं लगेच पेटी मिटली.

सुशीताई माझ्या मोकळ्या मनगटाकडे कितीतरी वेळ बघत राहिली.