गोळ्या आणि गृहपाठ

बाबा आर्वीत पोस्टमन होते. गावातलं दारन् दार त्यांना पाठ. रिटायर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी ते बोलेनासे झाले. आंघोळीचीही आठवण करून द्यावी लागे, अळणी वरण निमूट खात. शेजारणीनं एकदा मी शिकवायचे त्या शाळेचा रस्ता विचारला, तर म्हणाले, "आठोत नाई." वयानं बुद्धी गेली, असं आम्ही धरूनच चाललो. मी त्यांच्यासमोरच आईला म्हटलं, "बाबाचं आता संपलं."

ऐंशी सालानंतरची गोष्ट. शेवटी एसटीनं त्यांना वर्ध्याला नेलं. तिथल्या मनोविकाराच्या डॉक्टरांनी सरळच विचारलं, "काका, जीव द्यावासा वाटतो का?"

असं कोणी विचारतं का! मी भांडायला उठणार, तोच बाबा म्हणाले, "वाटते. रोजच वाटते."

ज्यांच्यासोबत मी रोज राहत होते, त्या माणसाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं.

"बुद्धी गेलेली नाही," डॉक्टर म्हणाले. "हा उदासीचा आजार आहे, त्यातही विसरायला होतं. गोळ्या देतो. पण सोबत डोक्याला रोज काम द्या."

काम म्हणजे गृहपाठच. पाच शब्द ऐकून दहा मिनिटांनी सांगायचे, बातमी वाचून आपल्या शब्दांत सांगायची, टपाल वाटायची घरं शेवटाकडून उलटी म्हणायची. मी मास्तरीण, आणि विद्यार्थी माझे बाबा.

तीन आठवडे काहीच झालं नाही. गोळ्यांनी तोंड तेवढं कोरडं पडे. मी बंद करू म्हणाले, तर आई अडून बसली, "डॉक्टरनं वाट पाहाले सांगतलं ना?"

मग एका दुपारी आदल्या दिवसाचेच पाच शब्द पुन्हा सांगताना मीच एक विसरले. बाबा म्हणाले, "चारच झाले. कुदळ राह्यली."

थोड्या दिवसांनी, वही मिटता मिटता ते सहज बोलले, "बाबाचं संपलं म्हनलं होतं तू. मले सारं ऐकू येत होतं, माय."

रागावले असते तर बरं झालं असतं. मला नुसतं रडू फुटलं. त्यांनी पाणी आणून दिलं.

गोळ्या वर्षाच्या वर चालल्या, पुढं डॉक्टरांनीच हळूहळू कमी केल्या. नावं विसरणं थोडं राहिलंच. पण दाढी स्वतःहून करू लागले, आणि वरणात मीठ कमी पडलं की आईवर ओरडू लागले.