आवाज झाकणारे साढुभाई

साऱ्या बडोद्यात भीतीवर पोट भरणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. मराठीत साडू, पण पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात राहिलेल्या आम्हा मंडळींच्या तोंडी त्याचा केव्हाच 'साढुभाई' होऊन बसला आहे, म्हणून मीही त्यांना साढुभाईच म्हणतो. माणूस उंचापुरा, मिश्या भरघोस. त्या मिश्या पाहून अनोळखी माणूस जरा दबकायचा, पण त्याच्या आधी साढुभाई दबकलेले असायचे. ते गॅसच्या शेगडीला घाबरत. फिरत्या पंख्याखाली बसत नसत. कुत्रं जागं असलं तर घाबरत आणि झोपलेलं असलं तर जास्त घाबरत, कारण जागं कुत्रं काय करणार आहे ते निदान दिसतं. विश्वामित्री नदीच्या पुलावरून जाताना त्यांची स्कूटर बरोबर मधोमध चाले. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून आणि शिव्या देऊन थकत. एकदा मी मागे बसलो होतो. "अहो, कडेनं घ्या," म्हटलं, तर म्हणाले, "पुराच्या पाण्यात मगरी सोसायट्यांत शिरतात, हे तुम्हीच पेपरात वाचून दाखवलंत ना? मग पुलावर यायला त्यांना काय मुहूर्त लागतो?"

पण या सगळ्या भीत्या किरकोळ. खरी भीती एकच, आपलं बोलणं कोणीतरी ऐकेल ही. तिचं मूळ त्यांच्या घराण्यात होतं. आजोबा संस्थानच्या दप्तरात कारकून. भिंतीला कान असतात ही आपल्याकडे नुसती म्हण आहे, त्यांच्या घरात तो नियम होता. काही महत्त्वाचं बोलायचं झालं की आधी नळ सोडायचा, मग बोलायचं. संस्थान गेलं, दप्तर गेलं, पण नळ सोडायची सवय राहिली. साढुभाई बटाट्याचा भावसुद्धा कानाशी येऊन सांगत.

आणि अशा माणसाची गाठ देवानं कोणाशी घालून दिली, तर माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीशी. या आमच्या ताई मराठी शाळेत शिकवत. त्यांनी वर्गात पाढे सुरू केले की शेजारच्या वर्गाचेही पाढे पाठ होत, असं शाळेत बोललं जाई. घरात त्या "मीठ संपलं वाटतं" असं स्वतःशीच म्हणाल्या, तरी समोरच्या पटेलकाकी वाटीभर मीठ घेऊन दारात उभ्या राहत. "लो बेन, मीठुं." साढुभाई कपाळाला हात लावत. "अगं, हळू! हळू बोल!" हे वाक्य त्यांनी लग्नानंतर जितक्या वेळा उच्चारलं असेल तितक्या वेळा रामनाम घेतलं असतं तर मोक्ष मिळाला असता.

तेव्हा साढुभाई मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात विजेची देखभाल बघत. सरकारनं दारं उघडली, परदेशी भागीदार आले, आणि गावातल्या कचेऱ्यांचं रूप पालटायला लागलं. विटांच्या केबिनी पाडून तिथं प्लायवूड आणि काचा आल्या, वर पांढरंशुभ्र खोटं छत, म्हणजे फॉल्स सीलिंग, आलं. दिसायला सगळं झकास, पण केबिनमध्ये साहेब कुजबुजला तरी बाहेरच्या शिपायाला कळायला लागलं. त्यावर मुंबईच्या एका छतवाल्या ठेकेदारानं साउंड मास्किंग नावाचं यंत्र आणलं, आणि बडोद्यात ते बसवायला त्याला माणूस हवा होता. बोलणं कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून यंत्र निघालंय, हे कळताच साढुभाईंना देव भेटल्याचा आनंद झाला. त्यांनी कारखाना सोडला.

यंत्र म्हणजे फार काही नाही. खोट्या छताच्या वर, कोणाला दिसणार नाहीत असे बारके स्पीकर ठेवायचे आणि त्यांतून सतत एक 'सूं' असा वाऱ्यासारखा आवाज सोडायचा. त्या आवाजात शेजारचं बोलणं विरघळून जातं. कोणी बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. खुबी एकच. आवाज एकदम वाढवायचा नाही. आज थोडा, उद्या आणखी थोडा, गवळी दुधात पाणी वाढवतो तसा. म्हणजे माणसांना तो ऐकू येत असूनही जाणवत नाही.

आमच्या कचेरीतही हे यंत्र त्यांनीच बसवलं. शिडीला घाबरत असल्यामुळे वर चढताना ते डोळे मिटून घेत आणि वायरी चाचपून जोडत. खाली शिडी धरायला मी. त्या दिवसांत मकरपुऱ्यात स्वेच्छानिवृत्ती या शब्दाची एवढी धास्ती होती की साहेबांच्या केबिनचं दार लागलं की टाइपिंग थांबायचं. पूर्वी निदान अर्धं बोलणं ऐकू यायचं आणि उरलेल्या अर्ध्याची भीती वाटायची. यंत्र आल्यावर सगळ्याचीच वाटायला लागली. आमचा शिपाई रोज छताकडे बघून म्हणे, "साहेब, एसी बगडी गयुं लागे छे." मला कारण माहीत होतं, तरी तो 'सूं' सुरू असताना मी पुन्हापुन्हा केबिनच्या दाराकडे बघायचो. माणसं बाहेर काढायचं बोलणं त्या आवाजाच्या पलीकडे चाललं असणार, असं सारखं वाटे.

नंदेसरीला त्यांनी जो घोटाळा केला तो मात्र अजरामर आहे. तिथं सगळे रसायनांचे कारखाने. त्या वासाला साढुभाई आधीच भ्यालेले. पुन्हापुन्हा इथं यायला नको म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी बटण पूर्ण फिरवलं. रसायनांच्या कारखान्यातल्या माणसाला छतातून अचानक 'सूंऽऽ' ऐकू आल्यावर तो काय समजेल? "भागो! गॅस लीक थयो!" अशी आरोळी उठली आणि अख्खी कचेरी ओले रुमाल नाकाला लावून फाटकाकडे धावली. सगळ्यांत पुढे साढुभाई. ज्यांनी स्वतःच्या हातानं ते बटण फिरवलं होतं ते. मी पुढे त्यांना विचारलं, "तुम्ही का पळालात?" तर ते गंभीरपणे म्हणाले, "यंत्र मी लावलं हे खरं. पण नेमका त्याच वेळी गॅसही सुटला असला तर?"

प्रत्येक काम संपलं की परीक्षा घ्यावी लागे. एकानं केबिनमध्ये बसून बोलायचं, दुसऱ्यानं बाहेर बसून शब्द कळतात का ते बघायचं. त्यासाठी ठेकेदारानं एक कॅसेट दिली होती. ती साढुभाईंनी कधी वापरली नाही. रविवारी कचेरी बंद असली की ते ताईंना स्कूटरवर मागे बसवून घेऊन जात, आत खुर्चीवर बसवत आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसत. "हिचा आवाज लपला की जगाचा लपला," हे त्यांचं माप. मुंबईच्या कॅसेटपेक्षा ते माप पक्कं निघालं. नंदेसरी सोडली तर त्यांच्या कामाबद्दल कधी तक्रार आली नाही. ताईंनी आत काय बोलायचं ते मात्र ठरलेलं नव्हतं. एकदा मी सहज त्यांच्याबरोबर आत बसलो, आणि थक्क झालो. ताई साढुभाईंना झापत होत्या. खणखणीत आवाजात, वर्गात झापावं तसं. मगरीपासून नळापर्यंत एकेक काढत होत्या. घरात "अगं, हळू" म्हणून जे गिळावं लागे ते सगळं त्या परक्या केबिनमध्ये मोकळं करत होत्या. काचेपलीकडे साढुभाई मान डोलवून अंगठा वर करत होते, एक शब्द कळत नाही, काम पास. बाहेर आल्यावर ताईंचा चेहरा इतका प्रसन्न, की "चला, सेव-उसळ खाऊ," असं त्याच म्हणाल्या. "आत काय बोललीस गं?" साढुभाईंनी विचारलं. "तुम्हाला ऐकू आलं का?" "नाही." "मग झालं तर."

अशी त्यांची गाडी सुखात चालली असताना ताईंच्या गळ्याशी गाठ आली. सुरुवातीला सुपारीएवढी, मग लिंबाएवढी. डॉक्टर म्हणाले, काढावी लागेल, आणि काढल्यावरच ती साधी आहे की वाईट ते कळेल. शिवाय आवाजाची नस त्या गाठीला चिकटून जाते. जपून करू, पण आवाजाची खात्री देता येत नाही. मी साढुभाईंच्या शेजारीच बसलो होतो. एवढ्या तेवढ्यावर दचकणारा हा माणूस, पण यावर दचकला नाही. "बरं," एवढंच म्हणाला.

त्यानंतर ते कशालाच घाबरेनासे झाले. शेगडी स्वतः पेटवायला लागले. पंख्याखाली बसायला लागले. एकदा त्यांच्या मागे स्कूटरवर होतो, तर विश्वामित्रीच्या पुलावर ते अगदी कठड्याच्या कडेनं निघाले आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. माणूस सगळ्या भीत्या एका जागी गोळा करतो तेव्हा त्याच्याकडे बघवत नाही, हे मला तिथं कळलं. मलाही रात्री झोप लागेना. आमच्या घरी बायको काम करता करता मध्येच थांबायची आणि पदरानं डोळे टिपायची.

साढुभाईंनी आता नवाच छंद घेतला होता. शेजारच्या खोलीत जाऊन बसायचं आणि हाक मारायची, "अगं, काहीतरी बोल." "काय बोलू?" ताई कडाडत. "कुकर लावू का तुमच्याशी बोलत बसू?" एवढं ऐकलं की ते समाधानानं डोळे मिटत. मग थोड्या वेळानं पुन्हा, "अगं, बोल ना." पटेलकाकींनी एकदा काळजीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "भाई, बेनने तो ऑपरेशन छे. आ भाईने शुं थयुं?" ऑपरेशन ताईंचं आणि झालंय काय साढुभाईंना, हा त्यांचा प्रश्न. मला वाटलं आपण काहीतरी उपयोगाचं करावं, म्हणून टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. म्हटलं, ताईंचा आवाज भरून ठेवू. साढुभाईंनी तो टेपरेकॉर्डर उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. "परत न्या. भरून ठेवला म्हणजे जाणार असं आपणच ठरवल्यासारखं होतं." ते हे मोठ्यानं बोलले. मी त्यांना मोठ्यानं बोलताना प्रथमच ऐकलं.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. ते कळल्यावर माझी बायको दवाखान्याच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडली, आणि मी उगाच बाहेर जाऊन सगळ्यांसाठी चहा घेऊन आलो. ताईंना बोलायची परवानगी मिळाली तेव्हा आम्ही सगळे खाटेभोवती उभे होतो. डॉक्टर म्हणाले, "बोला." ताईंनी तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवाच. त्यांच्या डोळ्यांत जी भीती दिसली ती मी विसरू शकत नाही. शाळेचा एवढा मोठा वर्ग धाकात ठेवणारी ती बाई नवऱ्याचा हात घट्ट धरून बसली होती. साढुभाई खाली वाकले, त्यांच्या तोंडाशी कान नेला आणि म्हणाले, "आलं की ऐकू. चहा हवाय ना?" ताईंनी मान हलवली. चहाच हवा होता. आमच्यापैकी कोणालाच ते कळलं नव्हतं.

हळूहळू आवाज परत येईल म्हणून डॉक्टरांनी त्या दिवशी सांगितलं, आणि तो आलाही, पण फार थोडा. ताईंनी शाळा सोडली. पटेलकाकी मीठ, साखर काही संपलंय का ते आता स्वतः येऊन विचारून जातात. साढुभाईंच्या घरी पाहुणा गेला की पहिल्यांदा पंखा बंद होतो. मग रेडिओ, मग रस्त्याकडची खिडकी. बडोद्याच्या उन्हाळ्यात आम्ही घामानं निथळत बसतो आणि ताई हळूहळू, थांबत थांबत बोलतात. मध्ये कोणी खोकलं तर साढुभाई त्याच्याकडे असे बघतात की खोकला जागच्या जागी थांबतो.

धंदा चालूच आहे. परीक्षेला आता माझी बायको आत बसते. तिचाही आवाज काही कमी नाही, ते माझ्या कानांना विचारावं. तरी रविवारी ताई बरोबर येतातच. परवा अलकापुरीतल्या एका नव्या कचेरीत काम झालं होतं, म्हणून मी दोघी बहिणींना घेऊन गेलो. साढुभाई तिथं आधीच होते; ताई पुढे वर गेल्या, बायको खाली रखवालदाराशी बोलत थांबली. मी रिक्षाचे पैसे देऊन वर गेलो तर ताई केबिनमध्ये बसलेल्या, ओठ हलताहेत, आणि साढुभाई बाहेरच्या बाकावर, मान एका बाजूला कलती करून. छतात आवाज नव्हता. मी भिंतीवरच्या बटणाकडे बघून म्हटलं, "अहो, यंत्र चालूच केलं नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला.

"थांबा. बोलतेय ती."

मी त्यांच्या शेजारी बसलो. खूप कान देऊन ऐकलं, पण मला काहीच ऐकू येत नव्हतं. मध्येच ताईंचे ओठ हलायचे थांबले. साढुभाई घाबरून उठले, दार किलकिलं करून आत बघितलं. ताईंनी 'बसा' असा हात केला आणि त्या पुन्हा बोलायला लागल्या. ते परत येऊन बसले आणि एकेका शब्दाला मान डोलवत राहिले.