विटांची भिंत

भुसावळला आमच्या कॉलेजसमोर व्हिडिओ गेमचं दुकान निघालं, तेव्हा पोरांच्या त्या गर्दीत रोज दुपारी नऊवारीतल्या एक मावशी यायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. पक्षाघातानं त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. डाव्या हातानं तो उचलून त्या मशीनच्या गोल मुठीवर ठेवायच्या आणि मूठ फिरवत, खालच्या पट्टीनं चेंडू उडवून वरच्या विटा फोडू पाहायच्या. पट्टी पोचेपर्यंत चेंडू निसटायचा. पोरं हसायची. मावशी पदरानं घाम पुसून पुन्हा सुरू करायच्या.

एकदा न राहवून मी म्हणालो, "मावशी, डाव्या हातानं खेळा ना. जिंकाल."

"मले कुठी जिकाचं हाये, भाऊ? हा हात जागा कराचा हाये."

उन्हाळा लागेपर्यंत पट्टी चेंडूला गाठू लागली. एके दिवशी शेवटची वीट फुटली आणि हसणाऱ्या पोरांनीच टाळ्या वाजवल्या. पडद्यावर लगेच नवी भिंत उभी राहिली, पण मावशींनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"घे, आता तू खेळ," त्या मला म्हणाल्या. "मले घरी जाऊन भाकरी थापाची हाये."

त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. मला त्याचा आनंदच झाला.