जवसाच्या तेलाचे सात हात

अकोल्यातलं आमचं घर गॅरेजच्या पोटात होतं. पुढे पत्र्याची मोठी शेड आणि मागे दोन खोल्या. खोल्यांना दार एकच, तेही शेडमध्ये उघडणारं. भाजी आणायला जायचं तरी आधी उघडी इंजिनं, तेलकट जमीन आणि चार मिस्त्री ओलांडावे लागत. मी दारात दिसले की मिस्त्री हातातलं काम टाकून भिंतीकडे तोंड करत. मर्यादा म्हणून करत बिचारे. पण आपल्याला रस्त्यावर जायचं तर चार माणसांना भिंतीकडे वळावं लागतं, याची मला इतकी लाज वाटायची की मी बाहेर जाणंच कमी केलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. अमरावतीला माहेरी असताना मी सायकल चालवत असे, हे आता माझं मलाच खोटं वाटायला लागलं होतं.

वडील अमरावतीला शाळामास्तर. लेकीची घुसमट त्यांना पत्रातून कळत असावी. साठ सालानंतरच्या एका उन्हाळ्यात त्यांनी शिक्षिकांच्या ट्रेनिंगचा अर्ज पाठवला. वर्षभर माहेरी राहायचं, शिकायचं, मग अकोल्यातच एखाद्या शाळेत लागायचं. अर्जाच्या खाली नवऱ्याच्या सहीची जागा होती आणि मेअखेरीस तो अमरावतीला पोचायला हवा होता. मी अर्ज ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी वाचला, हसले आणि म्हणाले, “हे गाडी एकदाची उरकू दे. मंग जाजो खुशाल. सही काय, अंगठाबी देतो.”

म्हणजे माझं वर्ष त्या गाडीला बांधलं गेलं. गाडी दर्यापूरकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याची. जुनी उघडी अमेरिकन मोटार, तिच्यात लिलावात मिळालेल्या लष्करी ट्रकचं इंजिन बसवायचं, बॉनेटच्या बाजू काढून टाकायच्या आणि इंजिनातून धूर नेणाऱ्या सहा नळ्या बाहेरून दिसतील अशा वळवायच्या. कुठल्याशा विलायती मासिकात गाडीच्या मालकांनी तसं चित्र पाहिलं होतं. ह्यांनी इंजिन बसवलं, नळ्या वाकवल्या, जोडल्या. गाडी अशी गुरगुरायची की आमच्या मांडणीवरची भांडी थरथरत. सगळं झालं, आणि अडलं कुठे, तर नळ्यांच्या रंगापाशी. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

आधी काळा ऑइलपेंट दिला, चांगले दोन हात. मालक गावाबाहेर एक चक्कर मारून आले तेव्हा नळ्यांवर पापडासारखे फोड आले होते, आणि त्या जळक्या वासाने माझी संध्याकाळची भाजीसुद्धा कडू लागली. मग पाण्याच्या टाक्यांना देतात तो रुपेरी रंग. तो फुगला नाही, पण पांढुरका पडून हाताला लागायला लागला. मालक गाडीला टेकून बोलत होते. निघताना त्यांच्या स्वच्छ धोतरावर सहा पट्टे!

त्यानंतर ह्यांच्या डोक्यात जे आलं ते फक्त आमच्याच घरात येऊ शकतं. गल्लीत कल्हईवाला आला होता. माझी दोन पातेली त्याच्यापुढे होती आणि हे नळ्या घेऊन तिथे जाऊन बसले. कल्हईवाल्याने एक नळी उलटसुलट करून पाहिली. “बाबूजी, कल्हई भांड्याले करतेत, चुलीले नाई.” ह्यांनी ऐकलं नाही. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. नळ्या अशा चकाकल्या की तोंड दिसावं. मालकांना शेजारी बसवून हे मूर्तिजापूरकडे निघाले आणि तासाभरात परत आले. कथील वितळून थेंबाथेंबाने रस्त्यावर सांडलं होतं, उरलेलं नळ्यांच्या पोटाशी गाठी होऊन थिजलं होतं.

“ऊनच भल्लं हाये,” हे म्हणाले.

मला हसू आलं नाही. मेचे दहा दिवस गेले होते. वरचा पत्रा सकाळी नऊलाच तापायचा आणि त्या दोन खोल्यांत मी भाकरीसारखी दोन्ही बाजूंनी शेकत होते. गाडी पुढे जात नव्हती, म्हणून मीही जात नव्हते. रात्रंदिवस डोक्यात अमरावती आणि डोळ्यापुढे त्या सहा नळ्या. मला त्या नळ्यांचा माणसाचा यावा तसा राग यायचा.

एकदा भाकरी टाकताना मी ह्यांना म्हटलं, “तव्याचा रंग कधी उडाला का हो?”

“तव्याले कोन रंग देते?”

“कोणी देत नाही, म्हणूनच उडत नाही.”

नवा लोखंडी तवा आला की आमच्याकडे तो आधी राखेने घासून उजळ करायचा, मग जवसाच्या तेलाचं बोट फिरवून चुलीवर धरायचा, धूर निघेपर्यंत. पुसायचा, पुन्हा तेल, पुन्हा धूर. चारपाच वेळा केलं की तवा काळा कुळकुळीत होतो आणि ते काळं घासूनही सहजी जात नाही. आच त्याला जाळणार कशी? तो आचेनेच झालेला असतो. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून विचार केला आणि म्हणाले, “आपल्याकडे ग्रॅफाइटची पूडबी हाये. तेलात टाकून पाह्यजो.”

मी हो म्हटलं, पण एक अट घातली. दुपारी मिस्त्री जेवायला आपापल्या घरी जातात, तेवढ्या वेळात मी करीन आणि कोणाला दाखवायचं नाही. बाईने गाडीला हात लावला म्हणून हसतील, एवढंच मनात होतं. एका मिस्त्रीला ह्यांनी बघून शिकायला ठेवलं होतं, त्यालाही मी घालवून दिलं.

आधीचा रंग, कथील, गंज, सगळं खरवडून वाळूने घासलं. लोखंड उघडं पडलं तेव्हा कळलं की आधीचे सगळे हात गंजावरच बसले होते. मग जवसाचं तेल आणि काळी पूड, चिंधीने, अगदी पातळ. जाड लावलं की चिकट राहतं. ह्यांनी इंजिन हळू सुरू ठेवायचं, नळ्या तापत, डोळे झोंबतील असा धूर होई, थांबला की पुसायचं. रोज एक हात. सात दिवस, सात हात. माझी नखं काळी झाली ती कितीही चिंच लावली तरी उजळेनात.

मालक अमरावतीला जाऊन आले. नळ्यांवरून रुमाल फिरवला, रुमाल पांढराच. “कोनी केलं हे?” त्यांनी विचारलं. हे लपवून ठेवतील असं मला वाटलं होतं, पण ह्यांना आनंद मावेना. “घरच्यायनं,” ते म्हणाले. मी दाराआड उभी होते. लग्नानंतर इतका आनंद मला पहिल्यांदाच झाला, खोटं कशाला बोलू?

आठवड्यात आणखी दोन गाड्या आल्या. एकाच्या ट्रकचा पाइप, एकाची मोटारसायकल. मालकांनी चार ठिकाणी सांगितलं होतं. शिवाय हे काम एकदा करून सुटत नाही, हेही तेव्हाच समजलं. इंजिनाला लागून जिथे फारच आच असते तिथे तेल जळून नळी करडी पडते आणि अधूनमधून पुन्हा हात द्यावा लागतो. मिस्त्री आता भिंतीकडे वळत नव्हते. “वैनी, हे पुसाचं का राहू द्याचं?” असं विचारत. मी एकाला शिकवायला घेतलं, तर त्याचा हात जाड पडायचा. हे म्हणाले, “तुह्याशिवाय नाई जमत कोनाले.” हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

अर्ज अजून कोराच होता. मी रोज म्हणायचे, उद्या सही मागू.

मेच्या अगदी शेवटी वडील स्वतःच आले. ह्यांनी त्यांना चहाही घेऊ दिला नाही, आधी शेडमध्ये नेलं. “पाहा मामाजी, तुमच्या लेकीचं काम!” वडिलांनी चष्मा वर करून नळीवर बोट घासलं, बोट पाहिलं. माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी मॅट्रिक झाले तेव्हा पाहिलं होतं. मग पिशवीतून दुसरा अर्ज काढला. “जावईबापू, हिचा अर्ज काही पोचला नाही. आज सही झाली तर मी हातोहात नेतो.”

ह्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं. “मी नाई म्हनत नाई. तिले इचारा.”

दोन्ही गाड्या खोळंबलेल्या होत्या. ट्रकवाला बाकावर बसून माझीच वाट पाहत होता. माझ्या बोटांत चिंधी होती. मला अमरावती हवी होती, अगदी ओरडावंसं वाटत होतं इतकी हवी होती. आणि इथे कोणीतरी माझ्यासाठी थांबलं होतं, तेही हवं होतं.

“पुढच्या वर्षी बघू, बाबा,” मी म्हटलं.

“बरं,” ते म्हणाले, आणि अर्जाची घडी घालून पिशवीत ठेवला. पुढच्या वर्षी त्यांनी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. त्या दिवशी ह्यांनी अडवलं असतं, तर जन्मभर ह्यांच्या नावाने बोटं मोडायची सोय तरी झाली असती. पण हे तर पेन उघडून उभे होते, आणि नाही मी म्हटलं.